वडावरचा यक्ष

सेवानिवृत्त माणसाच्या हाती वेळ आला की तो सत्कारणी कसा लागावा याची चिंता त्याच्यापेक्षा त्याच्या परिचितांनाच अधिक लागते. ३४ वर्षे दर्शनशास्त्राचे अध्यापन करून, आता न्यायभाष्याची आपली जुनी प्रत एकदा निवांतपणे वाचून काढावी असा मनसुबा करून मी घरी बसलो होतो. तोच जिल्ह्याच्या गावच्या एका महाविद्यालयाकडून निरोप आला की, आमच्याकडे माध्यम व संज्ञापन या विषयाचा पदवी अभ्यासक्रम चालतो, त्यात ‘कायदा आणि आचारनीती’ अशा जोडनावाचा एक विषय आहे, त्यातील कायद्याचा भाग एका वकिलांनी पत्करला असून नीतीच्या भागाला माणूस मिळत नाही, तरी आपण आठवड्यातून दोन तास यावे. कायद्याला वकील मिळावा आणि नीतीला पेन्शनर, ही वाटणी मला मनातून थोडी झोंबली. पण मानधनाचा आकडा इतका माफक होता की, लोभाने गेलो असे निदान कोणी म्हणणार नाही, एवढ्या समाधानावर मी रुजू झालो.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरे. एका भिंतीवर हिरवे कापड ताणलेले, त्याच्यासमोर तिपाईवर कॅमेरा, कोपऱ्यात वर्तमानपत्रांची रद्दीवजा चळत, आणि दर्शनी भिंतीवर वीणाधारी नारदाची तसबीर, तिच्याखाली ‘आद्य पत्रकार’ अशी अक्षरे. (नारदाला हा किताब बहाल करण्याची हौस अलीकडे बरीच बोकाळली आहे, आपल्या भाषेने त्याचे नाव ‘कळीचा नारद’ असे करून ठेवले आहे, हे त्या हौशी मंडळींच्या ध्यानात आलेले नसावे, किंवा येऊनही चालले असावे.) विद्यार्थी बहुतेक आसपासच्या तालुक्यांतून एसटीने येणारे. पहिल्या तासाला, तुम्ही हा अभ्यासक्रम कशासाठी घेतला, असा माझा नेहमीचा प्रश्न मी विचारला, तेव्हा कोणी अँकर व्हायचे म्हणाले, कोणी क्रीडावार्ताहर, कोणी जाहिरातीत जायचे म्हणाले; आणि एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, आपण बोललेलं लोकांना खरं वाटलं पाहिजे. ते शिकायचंय.”

त्याच्या बोलण्यात कावेबाजपणा मुळीच नव्हता. सुताराच्या मुलाने रंधा मारायला शिकायचे म्हणावे, तितक्या सरळपणाने तो बोलला होता, आणि वर्गातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मला मात्र त्या वाक्याने आठवडाभर स्वस्थ बसू दिले नाही. खरे वाटावे असे बोलणे ही विद्या शिकवता येते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आवाजाची पट्टी, कॅमेऱ्याकडे पाहण्याची रीत, मथळ्यातील क्रियापदाची जागा, कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे ककार पहिल्या परिच्छेदात बसवण्याची हातोटी, हे सर्व त्या तिसऱ्या मजल्यावर रोज शिकवले जात होते, आणि बऱ्यापैकी शिकवले जात होते. प्रश्न असा होता की, ज्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा असा माणूस कसा असतो याचा विचार आपल्या दर्शनांनी दीड हजार वर्षांहून अधिक काळ केलेला असताना, त्या विचाराचा या खोलीशी काही संबंध आहे की नाही.

आपल्याकडे या व्यवसायाला शाळा फार उशिरा मिळाली. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांचे वय जेमतेम विशीचे, म्हणजे माझ्या समोरच्या बाकांवर बसणाऱ्यांइतकेच. त्यांच्यापाशी व्याकरण होते, गणित होते, अनेक भाषा होत्या, पण वृत्तविद्येची पदवी नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तविद्येचे वर्ग सुरू झाले ते १९६४ साली, दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ सालची, आणि पदवीच्या पातळीवर हा विषय गावोगाव पोहोचला तो या शतकात. त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे हा व्यवसाय गुरूवाचून चालला, आणि त्याने जसे आगरकर दिले तसे खंडणीखोरही दिले. तेव्हा शाळा निघाली हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. शाळेत काय शिकवता येते आणि काय येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्यानंतर शब्द हे चौथे प्रमाण सांगितले आहे, आणि आप्ताने केलेला उपदेश तो शब्द, अशी त्याची व्याख्या आहे. आपण मराठीत आप्त म्हणजे सोयरा समजतो. शास्त्रातला आप्त सोयरा असण्याची गरज नाही. वात्स्यायनाने भाष्यात त्याचे जे लक्षण केले आहे ते मी वर्गात मराठीत उलगडून सांगितले: ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याला इच्छा आहे, आणि त्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. त्या इच्छेला भाष्यकाराने ‘चिख्यापयिषा’ असा शब्द वापरला आहे. तो फळ्यावर लिहिल्याबरोबर वर्गात हशा पिकला, आणि पुढे कित्येक दिवस मुले एकमेकांना त्याच नावाने हाका मारीत होती. पण लक्षणानंतर लगेच भाष्यकाराने जी पुस्ती जोडली आहे ती ऐकून हशा थांबला. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू पडते, असे तो म्हणतो. वर्णाश्रमाच्या ऐन भरात, संस्कृतात लिहिणाऱ्या एका पंडिताने, विश्वासार्हतेच्या दरबारात ऋषीला आणि म्लेंच्छाला एका रांगेत उभे करावे, याचे मला तरुणपणापासून नवल वाटत आले आहे. ज्याला रस्ता ठाऊक आहे तो म्लेंच्छ रस्त्याच्या बाबतीत आप्त. ज्याने तो पाहिला नाही तो ऋषी त्या बाबतीत आप्त नव्हे. पदवीचा, पदाचा, ओळखपत्राचा प्रश्नच उरत नाही.

पुढच्या शास्त्रकारांनी हेच उलट्या बाजूने मांडले. माणसाच्या बोलण्यात दोष शिरतो तो चार वाटांनी, असे ते सांगतात: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. एक म्हणजे चुकीचे जाणणे, दुसरी गफलत, तिसरी फसवण्याची इच्छा, आणि चौथे म्हणजे साधनांचा अधूपणा, डोळा मंद असणे, जीभ अडखळणे. मी या चार शब्दांना आमच्या अभ्यासक्रमाची वेळापत्रके लावून पाहिली. कॅमेरा, ध्वनी, संकलन, शुद्धलेखन, पानाची मांडणी, निवेदन असे तीन वर्षांतले बहुतेक तास करणापाटव घालवण्यात खर्ची पडत होते. विप्रलिप्सेचा बंदोबस्त वकीलसाहेबांकडे, म्हणजे अब्रुनुकसानीच्या कलमांकडे सोपवलेला होता. राहिले भ्रम आणि प्रमाद, आणि त्यांच्यासाठी माझे आठवड्याचे दोन तास.

प्रमादाविषयी आपण फार सौम्यपणे बोलतो, कारण तो प्रामाणिक माणसाकडूनही घडतो. याचे आपल्या इतिहासातले उदाहरण देताना माझा आवाज नकळत खाली गेला, कारण ज्यांची नावे घ्यायची ती सामान्य नव्हती. कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींच्या होणाऱ्या छळाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कडक लिहिले, आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी लिहिली म्हणून दाखवण्यात आलेली पत्रे खरी मानून त्यांच्या आधारे आरोप केले. बर्वे यांनी फिर्याद लावली. पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर या दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ साली त्यांना ४ महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात प्रत्यक्षात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांचे वर्णन आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने केले. हे दोघे सुटले तेव्हा लोकांनी त्यांचे स्वागत केले, आणि ते रास्तच होते. छत्रपतींविषयीची कळकळ खरी होती, फसवण्याची इच्छा तर स्वप्नातही नव्हती. परंतु भाष्यकाराची कसोटी लावली तर काय दिसते? इच्छा निर्मळ होती. साक्षात्कार मात्र दुसऱ्याचा होता, आणि तो दुसरा आप्त नव्हता. ज्या वयात आपण कोणासाठी तरी पेटून उठतो त्याच वयात आपल्याला हवे तसे कागद हाती येतात, आणि ते आपल्याला हवे तसे आहेत हीच त्यांच्याविषयी संशय घेण्याची पहिली खूण असते, हे टिळकांसारख्या बुद्धिमंताच्याही पंचविशीत त्या वेळी ध्यानात आले नाही. वर्गातल्या मुलांनी ही हकीकत जयंतीच्या भाषणांत ऐकली होती, पण तीत तुरुंग होता, बनावट पत्रे नव्हती.

भ्रम आणि प्रमाद यांच्याही पलीकडचा एक प्रकार आहे, आणि त्याला या चारांत नेमकी जागा कोणती हे मला अजून ठरवता आलेले नाही. द्रोणपर्वातील धर्मराजाचे ते वाक्य सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनकार त्या ठिकाणी शंख फुंकवतात आणि ‘कुंजर’ हा शब्द त्या नादात बुडवतात, त्यामुळे धर्मराजाचा अर्धा दोष शंख वाजवणाऱ्याकडे जातो. महाभारताने मात्र त्याला अशी सवलत दिलेली नाही. अश्वत्थामा मेला हे तो स्पष्ट बोलला आणि हत्ती हा शब्द स्वतःच अस्पष्ट उच्चारला, असे तिथे आहे, आणि तोवर भूमीच्या ४ अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, असेही आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर संकलन वक्त्यानेच केले. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा, डोळ्यांनी पाहिलेले, वाणी शुद्ध. उणी होती ती फक्त चिख्यापयिषा, जसे जाणले तसे समोरच्याला कळावे ही इच्छा. हे ऐकून मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “म्हणजे सर, ती पोरं पळवणाऱ्यांची क्लिप?” तिला काय म्हणायचे होते ते मला कळले नाही, तेव्हा तिनेच सांगितले. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर जी चित्रफीत फिरली, जिच्यात मोटारसायकलवरून येणारे दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. कुंजर तेवढा गेला होता.

त्यानंतरचे दोन तास मी अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि वडावरच्या यक्षाविषयी बोललो. शब्दप्रमाणाच्या चर्चेत एक जुना दाखला येतो: या वडावर यक्ष राहतो, असे लोक म्हणतात. पौराणिकांच्या मते हे ‘ऐतिह्य’ नावाचे स्वतंत्र प्रमाण. ऐतिह्य म्हणजे ज्याचा मूळ वक्ता कोण हे कोणालाच ठाऊक नाही असे, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात येत राहिलेले वचन. न्यायसूत्रकार त्याला वेगळे प्रमाण मानत नाही. ते शब्दातच मोडते, असे म्हणून तो मोकळा होतो, आणि शब्दात मोडते म्हटल्याबरोबर साहजिकच, मग यातला आप्त कोण, हा प्रश्न उभा राहतो. वडाखालून जाणाऱ्या माणसाला तो प्रश्न पडत नाही. त्याला वाटेवर झपझप पावले टाकण्यापुरता यक्ष पुरतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडेबाजार भरला होता. मंगळवेढा तालुक्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ५ जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप त्या भागात आधीच फोनांवरून फिरत होते. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मरेपर्यंत मारले. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दारोदार नाथांची गाणी पोहोचवली, म्हणजे जे स्वतःच परंपरेने आलेला शब्द वाहणारे होते, ते पाच जण दुसऱ्या एका शब्दाने मेले. त्याच महिन्यात, हे निरोप ज्या सेवेवरून फिरत होते तिच्या कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिकांना पुढे धाडता येणार नाही अशी मर्यादा घातली. परंपरेचा वेग कमी झाला. तिच्या मुळाशी कोण आहे, ते कोडे राहिले.

मीमांसक आणि नैयायिक यांचा शेकडो वर्षे चाललेला एक वाद आहे, आणि विद्यार्थिदशेत मला तो निव्वळ केस चिरण्यासारखा वाटे. मीमांसक म्हणतो, झालेले ज्ञान स्वतःच प्रमाण; पुढे बाधक काही आढळले तर ते अप्रमाण ठरेल, तोवर ते खरेच धरून चालावे. नैयायिक म्हणतो, ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून ठरते. पाणी दिसले, गेलो, ओंजळ भरली, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरे. राईनपाड्याच्या वर्तमानानंतर हा वाद केसाएवढा राहिला नाही. घरोघर फोन हाती घेऊन बसलेले आपण सारे मीमांसक आहोत. बाधक येईपर्यंत जे आले ते खरे. आणि नैयायिकाची कसोटी तरी इथे कितीशी उपयोगी? पाण्याजवळ जाऊन ते मृगजळ ठरले तर माणूस फक्त तहानलेला परत येतो. परंतु ज्या ज्ञानाने प्रवृत्त झालेला हात दगड उचलतो, त्याची परीक्षा कृतीने व्हायची म्हटले तर ती प्रेतावर होते. तेव्हा अशा वचनांच्या बाबतीत परीक्षेची एकच जागा उरते, ती म्हणजे कृतीच्या आधी, वक्त्यापाशी. आणि वक्ता तर सापडत नाही! मीमांसकांनी वेद निर्दोष मानले ते अपौरुषेय म्हणून. कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत. आपल्या काळाने ही युक्ती अफवेला लावली आहे. जिचा कर्ता ठाऊक नाही ती अधिक खरी, कारण तिच्यात कोणाचा स्वार्थ दिसत नाही. मीमांसक कुमारिल भट्टाला हे ऐकवले असते तर त्याने काय केले असते, याची कल्पना करण्याचे धाडस मी करत नाही.

नारदाच्या तसबिरीखाली बसून मला राहून राहून संजयाची आठवण येई. संजयाला आपण दूरचित्रवाणीचा पूर्वज समजतो, राजवाड्यात बसून युद्ध पाहणारा. पण भीष्मपर्व नीट वाचले तर तो रणभूमीवरून धावत परत येतो, दहाव्या दिवशी भीष्म पडल्याचे एकदम सांगतो, आणि मग राजाच्या आग्रहावरून मागचे सारे क्रमाने सांगू लागतो. गीतादेखील आपल्याला मिळते ती अशी, घडून गेल्यानंतर. तो वार्ताहर आहे, जिवावर उदार होऊन हिंडणारा. शेवटी शेवटी सात्यकीच्या हाती सापडतो आणि व्यासांमुळे वाचतो. मला त्याची सर्वांत आवडणारी गोष्ट निराळीच आहे. दुर्योधनाच्या मरणानंतर तो धृतराष्ट्राला सांगतो की, ऋषींनी दिलेली दिव्यदृष्टी आता माझ्यापाशी राहिली नाही. राजाला दिसत नव्हते; संजय गप्प राहून आणखी चार दिवस पाहिल्यासारखे सांगत राहिला असता तर ते कोणाला कळले असते?

आणि ऐकणारा? व्यासांनी दृष्टी आधी धृतराष्ट्रालाच देऊ केली होती. आप्तांचा संहार पाहण्याची माझी इच्छा नाही, पण ऐकायचे आहे, असे म्हणून त्याने ती नाकारली. हे वचन मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला रात्री नऊच्या बातम्या लावून जेवायला बसणारा मी दिसतो. पाहण्याची जबाबदारी नको; ऐकण्याची उत्सुकता मात्र दांडगी. संजय त्याला अधूनमधून, हा तुझाच अपराध आहे, असे सुनावतो, आणि राजा ऐकून घेतो, पुढे काय झाले ते विचारतो. आमच्या अभ्यासक्रमात सांगणाऱ्यांसाठी तीन वर्षे आहेत. ऐकणाऱ्यांसाठी कुठेच काही नाही.

विप्रलिप्सेविषयी मी थोडक्यात उरकले, कारण तिथे तत्त्वचर्चेला फारसे काही शिल्लक नसते. एकच प्रकार सांगितला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील निरनिराळ्या दैनिकांत एकच मजकूर, शब्दाचाही फरक न होता, निरनिराळ्या नावांखाली बातमी म्हणून छापून आला, आणि पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणल्यावर ‘पेड न्यूज’ हा शब्द घराघरात गेला. त्या मजकुरातले एखादे वाक्य तपासले तर कदाचित खरेही निघेल. खोटा होता तो वक्ता. उमेदवार बोलत होता आणि ओठ वर्तमानपत्राचे हलत होते.

वर्गाला मी शेवटी जो पूर्वज दाखवला तो पुराणातला नव्हता. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा करण्याचे काम हाती घेतले. हे म्हाइंभट मूळचे शास्त्री, वादविवादात मुरलेले. ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांना ते गाठत, त्यांच्या तोंडून प्रसंग ऐकत, नागदेवाचार्यांशी ते ताडून पाहत. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा वार्ताहराच्या पद्धतीने झाला आहे. एखाद्या प्रसंगाविषयी सांगणाऱ्यांत फरक पडला, तर तो फरक, सांगणाऱ्याच्या नावासकट, लीळाचरित्राच्या परंपरेने पोथीतच राहू दिला. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे. ज्याला आपण साक्षात परमेश्वराचा अवतार मानतो त्याच्याविषयी लिहिताना दोन पदरचे शब्द घालणे भक्ताला पाप वाटणार नाही, उलट पुण्यच वाटेल. त्या मोहापुढे या मंडळींनी हात आखडला. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, इतकेच. आठवत नसेल तिथे आठवत नाही. मला तर असे वाटते की या आखडलेल्या हातातच त्यांची भक्ती आहे, आणि आप्तत्व शिकवता येत असेल तर ते एवढेच: आपण पाहिलेले कुठे संपते आणि ऐकलेले कुठे सुरू होते, ती रेघ वाक्यात दिसेल अशी ठेवणे. बाकीचे, म्हणजे ती रेघ राखण्याची इच्छा, मला ३६ वर्षांत, त्यांतली ही शेवटची दोन धरून, कोणाला शिकवता आलेली नाही. ती ज्याच्यापाशी असते तो ती घेऊनच वर्गात येतो, आणि आपण तिला संस्कृत नाव देतो इतकेच.

मागच्या बाकावरची ती मुलगी बागलाणकडची होती. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आपल्याच घरच्या फोनवर आलेला, मुले पळवणाऱ्यांविषयीचा एक निरोप घेतला, आणि त्याच्या मुळाकडे उलट चालत जायचे ठरवले. आईला तो मावशीने पाठवला होता. मावशीला शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिला रोज डेअरीवर दूध घालायला जाणाऱ्या भाच्याने. त्याला एका एसटीच्या कंडक्टरने. प्रत्येकाकडे ती स्वतः गेली. कंडक्टरसाठी तीन वेळा डेपोत जाऊन बसली. प्रत्येकाला तिने एकच प्रश्न विचारला, तुम्हाला हे खरं वाटलं होतं का, आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच उत्तर दिले. मावशीचे शब्द तिने जसेच्या तसे उतरवले होते: “खरं-खोटं कुठं बघत बसू बाई, पोरांची काळजी वाटली म्हणून धाडलं.”

ते वाचून मी बराच वेळ कागद तसाच हातात धरून बसलो. भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा, करणापाटव; शास्त्रकारांच्या या चार वाटांपैकी एकीवरूनही हा यक्ष आलेला नव्हता. तो मायेने आला होता. मी तिला म्हटले, “अगं, हे शास्त्रात नाही.” ती म्हणाली, “मग सर, घालायचं का नाही?” मी म्हटले, घाल.

प्रकल्पाच्या शेवटी तिने एक तक्ता दिला होता, त्याला दोन रकाने होते, ‘मी पाहिले’ आणि ‘मला सांगितले’. सातव्या पायरीवर एक बंद पडलेला फोन नंबर होता, आणि त्याच्यापुढे तिने लिहिले होते की, यापुढे मला कळले नाही. ती आता एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत रात्रपाळीला असते. त्या प्रकल्पाला तिला ५० पैकी १९ गुण मिळाले. महाविद्यालयाच्या दफ्तरात त्याची प्रत आहे, आणि तिच्या शेवटच्या ओळीखाली बाह्य परीक्षकांनी लाल शाईने ‘निष्कर्ष नाही’ असा शेरा मारला आहे.